दारू सुटल्यानंतरचे दिवस
(ज्ञातिमंडळाच्या लिंबागणेश येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलावे असे आम्हांस कळविले, तेव्हा आम्ही त्यांना एक अट घातली. दारू वाईट आहे, दारूने संसार धुळीस मिळतात, हे आम्ही बोलणार नाही. ते येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि पिणाऱ्याला तर सर्वांहून अधिक ठाऊक आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर अध्यापनाचा कोर्स, आणि उभी हयात प्राथमिक शाळेत गेली. शाळेत मूल गप्प बसू लागले की त्याच्या घरी काय चालले आहे हे मास्तराला कळते. अशा कैक घरांच्या ओसरीवर आम्ही बसलो आहोत. तेथे जे पाहिले, व निवृत्तीनंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, तेवढेच आज सांगणार आहोत.

दारूविरुद्ध बोलणारे थोर पुरुष आपल्याकडे थोडे झाले नाहीत. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. गाडगेबाबांनी १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगावच्या कीर्तनांतून हाच प्रश्न लोकांना विचारला. परंतु ह्या सर्व उपदेशाचा रोख दारू सोडण्यावर आहे. सोडल्यानंतर चौथ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, दोन महिन्यांनी त्या माणसाचे काय होते, ह्याविषयी आपल्या समाजात कोणी बोलत नाही. तो पंढरीला जाऊन माळ घालतो, आपण त्याला नारळ देतो, घरात पुरणपोळी होते, आणि दुसऱ्या दिवसापासून तो एकटा असतो.

आपल्या प्रांतात दारू सोडण्याचा एक मुहूर्त सर्वांना ठाऊक आहे. आषाढी अमावास्येला, म्हणजे दीपपूजनाच्या पवित्र दिवशी, ज्याला लोक गटारी म्हणतात तो प्रकार होतो आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळला जातो. सठीसामासी घेणाऱ्याला श्रावणाचा काही त्रास होत नाही. पण जो वर्षानुवर्षे रोज घेतो, ज्याचा हात सकाळी चहाची बशी धरताना हलतो, त्याने अमावास्येच्या रात्री शेवटचा पेला घेऊन एकाएकी बंद केली, तर श्रावणाचे पहिले चार दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतात. हे वाक्य आम्ही विचारपूर्वक उच्चारीत आहोत.

शेवटच्या पेल्यानंतर सहा तासांपासून एक दिवसाच्या आत अंगाला कंप सुटतो, घाम येतो, मळमळते, काळीज धडधडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना मिरगीसारखे झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलावू लागतात, स्वतःच्या घरातली माणसे ओळखू येत नाहीत. आपल्याकडे अशा वेळी काय होते? कोणी म्हणतो करणी झाली, कोणी म्हणतो भानामती, आणि जो वेळ रुग्णालयात जावयास हवा तो अंगारा लावण्यात जातो. बंधूंनो, ही करणी नव्हे. हा दारू एकाएकी तुटल्याचा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि औषध न मिळाल्यास माणूस दगावतो. म्हणून रोज पिणाऱ्याने सोडावयाचे ठरविले की पहिले पाऊल डॉक्टरकडे पडले पाहिजे. बीडला शासकीय जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मांजरसुंब्यापर्यंत गेले की तेथून दोन्हीकडे वाहन मिळते. माळ घालावयाची तर जरूर घालावी, पण आधी रुग्णालय, मग पंढरपूर.

हे चार दिवस निभावले की घरच्यांना वाटते, सुटले. खरा आमचा विषय येथून पुढे आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ, त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही, ट्रॅक्टर चालवीत. वीस वर्षांची दारू त्यांनी निर्धाराने सोडली. बाराव्या दिवशी आम्ही भेटावयास गेलो तेव्हा ते अंगणात लिंबाखाली बसले होते. शेजारी चारा पडला होता, म्हैस ओरडत होती आणि ह्यांना उठवत नव्हते. आम्हांला म्हणाले, “गुरुजी, अंगात कुणी शिसं ओतल्यासारखं झालंय. आणि छातीत सारखी धास्ती. कशाची ते कळत नाही. फोन वाजला तरी दचकतो.” रात्री झोप नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो, मग वीस वर्षांत केलेले सारे एकेक करून समोर येऊन उभे राहते. त्यांची पत्नी आत आपल्या सासूला हलक्या आवाजात म्हणत होती, “आत्याबाई, आता पीत नाहीत, पण बोलतही नाहीत.” आणि त्यांचे थोरले बंधू ओट्यावरून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “पिऊन का होईना, कामाला तरी जात होता.”

हे वाक्य आम्ही पुढे अनेक घरांत ऐकले. आमच्या मते दारूच्या गुत्त्याने जेवढी माणसे परत ओढली नसतील, तेवढी ह्या एका वाक्याने ओढली आहेत. ते गृहस्थ विसाव्या दिवशी पुन्हा प्याले. पिताच अंगात बळ आले, हात स्थिर झाला, धास्ती गेली, आणि सारे घर एकदम समजून चुकले की ह्याला दारूच मानवते. ही समजूत कशी खोटी आहे, ते आता पाहू.

एखादे दार बाहेरून कोणी जोराने लोटीत असेल तर आतला माणूस तितक्याच जोराने ते दाबून धरतो. बाहेरचा एकाएकी बाजूला झाला तर आतला तोंडावर पडतो. मेंदूचे तसेच होते. दारू रोज मेंदूला दडपून शांत करते, म्हणून मेंदू जागे राहण्यासाठी रोज उलट जोर लावण्यास शिकतो. दारू बंद झाली तरी तो जोर एका दिवसात ओसरत नाही. हीच ती धास्ती, हीच ती दचक, हेच ते पहाटेचे जागरण. दुसरी गोष्ट अशी की, इतकी वर्षे सुखाचा ठेका दारूने घेतलेला असतो. तिच्यापुढे मुलाचे हसणे, गरम भाकरी, पावसाचा वास ह्यांची चव मेंदूला लागेनाशी झालेली असते. ती चव हळूहळूच परत येते. तोवर कशात मन लागत नाही आणि माणूस बसून राहतो. त्यात पोट व यकृत बिघडलेले, जेवणाची वर्षानुवर्षे आबाळ, आणि शरीरातले ब-१ जीवनसत्त्व खालावलेले. ह्या जीवनसत्त्वाची फार उणीव झाली तर स्मृतीही कायमची जाते, म्हणून डॉक्टर आरंभीच ते देतात. एवढे झाल्यावर जो थकणार नाही तो माणूस कसला? त्याचा थकवा हा आळस नाही. पाय मोडलेला माणूस प्लॅस्टरमध्ये असताना त्याला आपण आळशी म्हणत नाही.

आता दिवसांचा हिशेब पाहा. अमेरिकेत ब्राऊन व शुकिट ह्या संशोधकांनी १९८८ साली उपचारासाठी दाखल झालेल्या १९१ मद्यपी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या आठवड्यात त्यांतील शेकडा ४२ जण गंभीर खिन्नतेने ग्रासलेले होते. दारूवाचून चार आठवडे गेल्यावर असे शेकडा ६ उरले. म्हणजे बहुतेकांच्या मनावरचे मळभ सुमारे महिन्याने बरेच विरळ होते. झोप, ताकद व मनाची स्थिरता पूर्ववत होण्यास त्याहून अधिक काळ, कित्येकदा काही महिने लागतात, आणि मधूनमधून वाईट दिवस परत येऊन जातात.

चार आठवडे! श्रावणही तेवढाच असतो. आमचा श्रावण पाळणारा बांधव गटारीनंतर कंप सोसतो, जागरणे सोसतो, धास्ती सोसतो, महिनाभर पोळ्याची वाट पाहतो, आणि जेव्हा मेंदूचा जोर ओसरून सुखाचे दिवस उंबरठ्याशी येतात त्याच दिवशी बैल मिरवून झाल्यावर पुन्हा बाटली उघडतो. दरवर्षी तो मद्यत्यागाचा कडू भाग तेवढा खातो आणि गोड भाग ताटात टाकून उठतो. मग सर्वांना सांगतो की, सोडून पाहिली, आपल्याला जमत नाही. पोळ्यानंतर चारच दिवसांनी आपल्या गणपतीची चतुर्थी येते. भाद्रपद एवढा पार पाडा असे आम्ही अशा गृहस्थांना सांगतो. श्रावण देवासाठी पाळला असेल, पुढचा महिना स्वतःसाठी पाळून पाहा.

गडकरी मास्तरांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्या नाटकातली सिंधू आठवून आपण डोळे पुसतो, तळीराम आठवून हसतो. परंतु मधला एक भाग आपण विसरतो. सुधाकर दारू सोडतो. प्रामाणिकपणे सोडतो, आणि काम मिळावे म्हणून ओळखीच्या प्रतिष्ठित लोकांपुढे उभा राहतो. तेथे त्याची बोळवण अपमानाने होते, आणि तो परत प्याल्याकडे वळतो. शंभराहून अधिक वर्षे झाली, आपण पहिल्या प्याल्यावर निबंध लिहितो, शाळेत मुलांकडूनही लिहवून घेतो. त्या प्रतिष्ठितांच्या दारातल्या सुधाकरावर कोणी निबंध लिहीत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर ही गोष्ट पोटाशी बांधलेली आहे. आपल्यापैकी कैक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून नवराबायकोच्या कोयत्यावर उचल घेतलेली असते, एक दिवस काम चुकले की खाडा लागतो. श्रावणात दारू सोडलेल्या माणसाला पहाटे थंडीत उठून मोळ्या वाहावयाच्या आहेत, आणि अंगात त्राण नाही. शेजारच्या कोपीतला म्हणतो, एक नव्वद घे, मोळी हलकी होते. मोळी हलकी होत नाही, तिचे ओझे दुसऱ्या दिवसावर टाकले जाते. पण खाड्याचे पैसे आज जातात. म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्याला दारू सोडावयाची आहे त्याने ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात सोडू नये. शक्य तर उन्हाळ्यात, फडावरून परत आल्यावर, दवाखाना हाताशी असताना सोडावी, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत चारपाच महिने मिळतात. मुहूर्तच पाहावयाचा तर हा पाहावा.

ह्या दिवसांत करावे काय? आम्हांला जे उपयोगी पडताना दिसले ते सांगतो. पहिली गोष्ट जेवण. भूक लागली की पूर्वी दारू आठवे, त्यामुळे ह्या माणसाला भुकेची खूण दारूचीच वाटते. सायंकाळी सहाच्या सुमारास ओढ लागली तर त्याच्या हातावर आधी भाकरी आणि पिठले, निदान गूळ-शेंगदाणे ठेवावे. निम्म्या वेळा ओढ तेथेच शमते. चहा मात्र मोजून द्यावा. दारूच्या जागी दिवसातून दहा कप चहा आणि तंबाखूचा बार घेणारे आम्ही पाहिले आहेत, आणि मग काळीज धडधडते म्हणून तेच घाबरतात. पहाटे जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नये. उजाडताच बालाघाटाच्या उताराने जमेल तेवढे चालून यावे. सीताफळीच्या बनातून मैलभर चालून आलेल्याला रात्रीची झोप थोडी अधिक लागते. दुपारी झोपणे टाळावे. धास्तीचा झटका आला तर खाली बसून श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा, दहापंधरा वेळा. झटका येतो तसा ओसरतो, ह्याची प्रचीती दोनदा आली की तिसऱ्या वेळी भीती निम्मी होते. काम अगदी थोडे पण रोजचे असावे, जसे की म्हशीला पाणी, मुलाला शाळेत सोडणे, दळण आणणे. ट्रॅक्टरवर पहिल्याच आठवड्यात बसवू नये. झोपेची गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नये, तिचेही व्यसन जडते.

घरच्यांसाठी एक गंभीर सूचना आहे. दारूवर घृणा यावी म्हणून नवऱ्याला न सांगता चहातून वा भाजीतून गोळी देण्याचा प्रकार चालतो. ही गोळी पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड ह्यांपासून प्रसंगी प्राण जाण्यापर्यंत मजल जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने तिचा उपयोग आहे. चोरून देणे हा विषप्रयोगच होय. जाहिरातीतील ‘नकळत दारू सोडवा’वाल्यांच्या पुड्यांविषयी तर बोलावयासच नको.

ह्या सर्वांहून मोठे औषध म्हणजे माणूस. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा, दारू सोडून पाचसहा महिने झालेला गृहस्थ धंद्यात आपटी खाऊन एका हॉटेलात एकटा उभा होता. शेजारीच मद्यगृह होते. आत जाण्याऐवजी त्याने टेलिफोन फिरवून दुसरा एखादा मद्यपी कोठे भेटेल ह्याची चौकशी केली. असा मद्यपी भेटला, तो एक डॉक्टर होता, आणि दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. हाच विल्सन पुढे कित्येक वर्षे खोल खिन्नतेने आजारी होता, पण प्याला नाही. तात्पर्य, दारू सोडूनही मन उदास राहिले म्हणजे सोडण्यात काही उणे राहिले असे नव्हे. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास मुक्तांगण सुरू केले. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले, संस्थेचे कार्य पुढे चालले. साताऱ्यास डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन ही संस्था उभी केली. ह्या ठिकाणी बरा झालेला माणूस नव्याने आलेल्याजवळ बसतो, आणि “मलाही असेच होत होते” एवढे त्याला सांगतो. हे वाक्य डॉक्टर म्हणू शकत नाही, आम्ही मास्तरही म्हणू शकत नाही.

असे वाक्य म्हणू शकणारी माणसे आपल्या ज्ञातीत आहेत. आम्ही पाच तरी ओळखतो. ती गप्प बसतात, कारण बोलले तर मुलीची सोयरीक अडते. स्थळ पाहावयास आलेले लोक विचारतात, बाप पितो काय? पितो असे कळले तर हसून सोडून देतात, सगळेच पितात म्हणतात. पीत होता आणि सोडली असे कळले तर कपाळाला आठ्या पडतात! हा न्याय कोणत्या शास्त्रातला? मंडळाने वधूवर-सूचीच्या कामात ह्या गोष्टीचा विचार करावा, आणि ज्याने वर्ष काढले आहे त्याला मेळाव्यात मानाने बसवावे, अशी आमची अध्यक्षांना विनंती आहे. वरातीत “एकाने काय होतंय” म्हणून हाताला धरणाऱ्या पाहुण्याला आवरणे हेही मंडळाचेच काम आहे. सत्काराच्या शालींवर जो खर्च होतो त्यातून दोन माणसांचे अंबाजोगाईचे जाण्यायेण्याचे भाडे सहज निघेल.

शेवटी एक जपून सांगावयाचे. महिना उलटूनही खिन्नता हटत नसेल, किंवा मधल्या कोणत्याही दिवशी “माझ्यामुळे तुम्हांला त्रास, मी नसलेलाच बरा” अशी भाषा निघाली, तर वाट पाहू नये, त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे, क्रमांक १४४१६. व्यसनाविषयी मार्गदर्शनासाठी १४४४६ हा क्रमांक आहे. दोन्ही ठिकाणी फोनला पैसे पडत नाहीत. हे आकडे चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत.

*

भाषण संपल्यावर प्रश्न विचारण्यास सांगितले तेव्हा पुरुषांच्या बाजूने कोणी उठले नाही. एक भगिनी उभ्या राहिल्या व म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या घरी सतरावा दिवस आहे. ते दिवसभर पांघरूण घेऊन पडून असतात. मी त्यांना काय म्हणू?”

आम्ही विचारले, रुग्णालयात दाखविले काय? दाखविले होते, गोळ्या चालू होत्या. जेवतात काय? अर्धी भाकरी. मग आम्ही सांगितले की, ताई, उठा असे म्हणू नका आणि पडा असेही म्हणू नका. उद्या सकाळी उजाडताना त्यांच्या चपला दाराशी ठेवा आणि म्हणा, मला देवळापर्यंत सोबत करा. येताना बसले तर बसू द्या. परवा पुन्हा. त्या म्हणाल्या, “आणि नाही उठले तर?” तेव्हा मागच्या रांगेतून ते ट्रॅक्टरवाले गृहस्थ, ज्यांची हकीकत आम्ही नाव न सांगता वर दिली आहे आणि ज्यांनी दुसऱ्या खेपेस सोडून आता तिसरे वर्ष चालू आहे, आपण होऊन उभे राहिले. “वहिनी, पत्ता सांगा,” ते म्हणाले, “सकाळी सहाला मी येतो. मला थोरल्या भावानं असंच उठवलं होतं.”

त्यांचे थोरले बंधू शेजारीच बसले होते. ते खाली पाहत होते.